पडणाऱ्या प्रणाली आणि त्यांचे सावरणे

‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. सातबारा काढायला गेलेले आजोबा तो वापरतात, बँकेच्या रांगेतली बाई वापरते, रेशन दुकानदाराच्या तर तो तोंडीच बसला आहे. या शब्दात एक निमूटपणा आहे. यंदा पाऊस लांबला असे सांगताना जो सूर लागतो, तोच इथेही लागतो : कोणाच्या हातातली गोष्ट नाही, उद्या या.

संगणकशास्त्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्रणाली कधी ना कधी पडणारच, हे आधीच मान्य करून ती पडल्यावर माणसाची वाट न पाहता कशी सावरेल, याचा विचार पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. स्वतःची दुरुस्ती करणारी प्रणाली हा त्या विचाराचा विषय. मी संगणकाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नाही. मूळ निबंध मिळवून वाचत आणि जमेल ते घरच्या संगणकावर करून पाहत जे उमगले, ते इथे मांडतो. विषय दूरचा वाटला, तरी त्यातला सर्वांत अवघड भाग परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुस्तकाविना ठाऊक आहे, हे पुढे दिसेलच.

लोखंड गंजते, प्रोग्राम का पडतो?

मोटारीचे बेअरिंग झिजते, पट्टा तुटतो. प्रोग्राममध्ये झिजण्यासारखे काही नाही. काल चाललेला प्रोग्राम आज अक्षरही न बदलता का पडावा?

‘टँडम’ या अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ साली या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यांनी प्रोग्राममधल्या दोषांचे दोन प्रकार केले आणि त्यांना भौतिकशास्त्रज्ञांची नावे दिली. बोरच्या अणूसारखे ठाम दोष पहिल्या प्रकारात येतात : तेच काम पुन्हा करा, दोष पुन्हा हजर. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेसारखे निसटते दोष दुसऱ्या प्रकारात : शोधायला जावे तर गायब. ग्रे यांनी नोंदींमधून तपासलेल्या १३२ दोषांपैकी ठाम दोष एकच निघाला. बाकीचे सारे निसटते. दोन कामे एका विशिष्ट क्षणी एकमेकांच्या वाटेत आली, मेमरी भरत गेली, मधली तार क्षणभर तुटली, अशी त्यांची कारणे असतात.

यातून मोठा निष्कर्ष निघतो. दोष निसटता असेल, तर तेच काम ताज्या स्थितीतून पुन्हा केल्यास ते बहुधा पार पडते. ‘बंद करून चालू करा’ या घरगुती उपायामागे हे शास्त्र आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अर्धवट कामांचा आणि चुकलेल्या हिशेबांचा गाळ साचतो. पुन्हा सुरू केले की तो आपल्या आरंभाच्या, सर्वांत जास्त तपासलेल्या स्थितीत परततो. अडचण एवढीच, की हातातले कामही त्या गाळाबरोबर वाहून जाते. ते वाचवायचे कसे, इथून खरी रचना सुरू होते.

चंद्रावर उतरताना

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. यान-भेटीसाठी असलेल्या रडारकडून येणारे नको असलेले संकेत संगणकाचा वेळ खात होते आणि कामे त्याच्या क्षमतेबाहेर गेली होती. पुढच्या काही मिनिटांत असे इशारे अनेकदा आले.

प्रत्येक इशाऱ्याच्या वेळी संगणक स्वतःला नव्याने सुरू करून घेत होता. त्याच्या प्रोग्राममध्ये कामांना अग्रक्रम दिलेले होते आणि महत्त्वाचे काम कुठपर्यंत आले, याची खूण ठरावीक टप्प्यांवर राखली जात होती. त्यामुळे पुन्हा सुरू होताच इंजिन आणि दिशा सांभाळणारे काम राखलेल्या खुणेपासून पुढे चालू झाले आणि कमी महत्त्वाची कामे गळून पडली. यान उतरले. प्रोग्राम लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन यांचे नाव आज त्यासाठी घेतले जाते.

इथे तीन गोष्टी एकत्र दिसतात : लवकर पुन्हा सुरू होणे, कामाची खूण राखणे आणि गरज पडल्यास काय सोडायचे हे आधीच ठरवून ठेवणे. आणखी एक चौथी गोष्ट होती. संगणकाने हे सारे गुपचूप केले नाही, माणसांना इशारा दिला. सावरणे आणि सांगणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती.

पडू द्या, पण वर कळवा

हीच कल्पना पुढे टेलिफोनच्या क्षेत्रात व्यवस्थित मांडली गेली. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अर्लांग’ ही संगणकभाषा घडवली. टेलिफोन एक्स्चेंज दुरुस्तीसाठी बंद ठेवता येत नाही आणि एका माणसाचा फोन अडकला म्हणून हजारांचे संभाषण तुटता कामा नये, ही त्यांची अट होती.

त्यांनी प्रोग्रामचे हजारो छोटे स्वतंत्र तुकडे केले. एका तुकड्याची मेमरी दुसऱ्याला दिसत नाही, ते एकमेकांशी फक्त निरोपांनी बोलतात. त्यामुळे एक पडला तर त्याची घाण शेजाऱ्याकडे जात नाही. तुकड्यात अनपेक्षित काही घडले, तर त्याने तिथेच धडपडत बसू नये, सरळ पडावे. त्याच्यावर लक्ष ठेवणारा वेगळा पर्यवेक्षक असतो. तो पडलेल्याच्या जागी ताजा तुकडा उभा करतो.

पण पुनःपुन्हा तेच घडले तर? पर्यवेक्षकाला मर्यादा घालून दिलेली असते : समजा, ५ सेकंदांत ३ वेळा. त्यापलीकडे गेले की तो मान्य करतो, की हे आपल्या आवाक्यातले नाही. मग तो स्वतः थांबतो आणि प्रश्न त्याच्या वरच्या पर्यवेक्षकाकडे जातो. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशी ही उतरंड आपल्या परिचयाची आहे. फरक इतकाच, की इथे प्रश्न वर जायला अर्ज लागत नाही आणि खालच्याला तो दाबून ठेवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची सर्व्हर-बाजू याच भाषेत उभी राहिली. दिवाळीच्या शुभेच्छा आपण एकमेकांना धाडतो, त्या याच रचनेवरून जातात.

बरे असणे म्हणजे काय?

आयबीएमचे संशोधन-प्रमुख पॉल हॉर्न यांनी २००१ साली या विचाराला मानवी शरीराची उपमा दिली. हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान हे आपण विचार न करताच सांभाळले जाते, तसे संगणकांनी स्वतःला सांभाळावे. पुढे त्याचे एक चक्र मांडले गेले : पाहा, कारण शोधा, उपाय ठरवा, तो करा, आणि पुन्हा पाहा. गुगलने २०१४ मध्ये खुले केलेले ‘कुबरनेटीज’ आज असंख्य संगणक-केंद्रांत हेच करते. त्याला कसे करायचे ते सांगायचे नसते, काय असायला हवे ते सांगायचे असते. ‘या प्रोग्रामच्या पाच प्रती चालू हव्यात’ असे लिहून ठेवले आणि एक पडली, की ते सहावी बोलावून पाच पूर्ण करते.

मेख ‘चालू’ या शब्दात आहे. दुकानाचे शटर वर असणे आणि दुकानात माल मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहारेकऱ्याने ‘आहेस का?’ विचारले आणि प्रोग्रामने ‘आहे’ म्हटले, तर त्यातून अर्ज जमा होतोय का हे कळत नाही. म्हणून चांगली तपासणी ग्राहकाच्या बाजूने होते : खोटा अर्ज भरून पाहायचा आणि पोच परत येते का, ते बघायचे. बरे असणे म्हणजे काय, ही व्याख्या यंत्र स्वतः करू शकत नाही. ती बाहेरून, माणसाने द्यावी लागते. व्याख्या चुकली, तर यंत्र मोठ्या इमानाने चुकीच्या स्थितीकडे परतत राहते.

ऑटोचा धडा

आता परभणीकडे येऊ. कृषिपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तास आणि अनेकदा रात्रीची मिळत आली आहे. वीज कधी येईल याची वाट पाहत अंधारात विहिरीवर कोण थांबणार? साप-विंचवाची भीती वेगळीच. म्हणून शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू. एका पंपापुरते पाहिले, तर ही स्वतःला सावरणारी उत्तम यंत्रणा आहे.

आता एका डीपीचा हिशेब मांडू. १०० केव्हीएच्या डीपीवर ५ अश्वशक्तीचे १५ पंप आहेत असे धरा. चालू असताना त्यांची मिळून मागणी साधारण ८० केव्हीए होईल, डीपी ती पेलेल. पण अशी मोटार थेट सुरू होताना, पहिले काही क्षण, नेहमीच्या सहापटीच्या आसपास प्रवाह ओढते. पंधराही ऑटो एकाच क्षणी लागले, तर मागणी ५०० केव्हीएच्या घरात जाते. फ्यूज उडतो, फीडर ट्रिप होतो. वीज परत आली की पंधराही ऑटो पुन्हा एकदम लागतात. हे चालत राहिले तर शेवटी डीपी जळते आणि ऐन रब्बीत पाणी थांबते. म्हणूनच महावितरण ‘ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असे आवाहन पुनःपुन्हा करते.

यात शेतकरी मूर्ख नाही. प्रत्येकाने आपल्यापुरते शहाणपणाचेच केले आहे. पण प्रत्येक भाग एकाच ठोक्याला सावरू लागला, तर सगळ्यांचा मिळून असलेला आधार कोसळतो. संगणक-प्रणालीत हेच घडते. सर्व्हर क्षणभर थांबला की लाखो फोन दर सेकंदाला ‘पुन्हा प्रयत्न’ करतात आणि उठू पाहणाऱ्या सर्व्हरला उठूच देत नाहीत.

उपाय जुना आहे. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इथरनेट घडवले, तेव्हा एकाच तारेवर दोन संगणक एकदम बोलू लागले तर काय, हा प्रश्न होता. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची मर्यादा दुप्पट करायची. आणि त्या मर्यादेत नेमके किती थांबायचे, ते प्रत्येकाने चिठ्ठी काढल्यासारखे स्वतंत्र ठरवायचे. पहिल्याने पसारा कमी होतो, दुसऱ्याने सगळे एकाच ठोक्याला उठत नाहीत. पंधरा ऑटोंना प्रत्येकी वेगवेगळा, काही मिनिटांचा उशीर लावला तर डीपीवरचा सुरुवातीचा भार असाच विभागला जाईल. त्यासोबत विहिरीत पाणी आहे का, तिन्ही फेज आहेत का, हे पाहणारे संरक्षणही हवे. आधी न तपासता उठणे हे सावरणे नव्हे.

सावरणाऱ्यानेच पाडले तेव्हा

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. वर वर्णन केलेली पर्यवेक्षकांची सारी उतरंड जागेवर होती, पण पायाखालची जमीनच सरकली होती.

कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने तिच्या संगणक-केंद्रांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. अशा आज्ञा अडवण्यासाठी तपासनीस प्रोग्राम होता, पण त्यातल्याच दोषामुळे ती निसटली. पुढचे महत्त्वाचे. कंपनीचे पत्ते जगाला सांगणारे सर्व्हर असे घडवले होते, की मुख्य केंद्राशी बोलणे होत नसेल तर आपणच आजारी आहोत असे समजून त्यांनी स्वतःला जाळ्यातून काढून घ्यावे. एखादाच सर्व्हर आजारी असता तर हे योग्यच होते. इथे सर्वांचाच संपर्क तुटला, सर्वांनी एकदम माघार घेतली आणि कंपनीचा पत्ताच इंटरनेटवरून पुसला गेला. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रात जावे लागले. परत सुरू करतानाही सारे एकदम चालू केले तर वीज-यंत्रणेवर ताण येईल, म्हणून काम टप्प्याटप्प्याने केले गेले. ऑटोचाच धडा, फक्त आकडे मोठे.

मुंबईचा खोळंबा

आपल्या राज्यातले उदाहरण त्याच वर्षीचे आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार सकाळी ११:४० च्या सुमारास थांबले. ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवसापुरते ५ वाजेपर्यंत चालले. बाजाराने दिलेल्या खुलाशानुसार, दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या तारा एकाच सुमारास बिघडल्या. रस्त्यावरच्या खोदकामाचे कारण त्या कंपन्यांनी दिले. त्याचा परिणाम माहिती साठवणाऱ्या यंत्रणेवर झाला आणि जोखीम तपासणारी प्रणाली अनुपलब्ध झाली. खरेदी-विक्रीची प्रणाली धड होती, पण जोखीम तपासल्याविना व्यवहार चालू ठेवता येत नव्हते.

दोन कंपन्यांच्या तारा म्हणजे दुहेरी आधार, हे कागदावर खरे. जमिनीखाली मात्र दोन्ही आधार एकाच वेळी गेले. आणखी एक प्रश्न उरतो. अशा वेळेसाठी दुसऱ्या शहरात पर्यायी केंद्र सज्ज असते. तिकडे काम का वळवले नाही, हे सेबीने त्याच दिवशी विचारले. पुढच्या महिन्यात नियम आला : महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे. राखीव यंत्रे असून भागत नाही. ती वापरायचा निर्णय कोणी आणि किती वेळात घ्यायचा, हेही रचनेतच लिहिलेले हवे.

असा निर्णय ऐन वेळी सुचत नाही, त्याचा सराव लागतो. २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार खास उघडला. पहिले छोटे सत्र नेहमीच्या केंद्रातून झाले, दुसरे पर्यायी केंद्रातून. अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सने तर २०११ मध्ये आपल्या एका प्रोग्रामची माहिती जाहीर केली, ज्याचे कामच चालू सर्व्हर मनाला येईल तसे बंद पाडणे हे होते. सावरण्याची यंत्रणा वापरात राहिली तरच तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

दोषच दुरुस्त करता येईल का?

आतापर्यंतचे सारे उपाय पडलेल्याला उभे करण्याचे होते. दोष तसाच राहतो. प्रोग्रामने स्वतःची अक्षरे बदलून दोषच काढावा, हा पुढचा टप्पा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ली वायमर, स्टेफनी फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी ‘जेनप्रॉग’ मांडला. तो प्रोग्रामचेच तुकडे इकडून तिकडे लावून, काही काढून नव्या प्रती बनवतो, त्यांची चाचणी घेतो आणि टिकतील त्या पुढे नेतो. निसर्गातल्या निवडीसारखेच. २०१२ मध्ये त्याने १०५ पैकी ५५ दोष दुरुस्त केल्याचे सांगितले गेले.

२०१५ मध्ये एमआयटीच्या अभ्यासकांनी त्या दुरुस्त्या तपासल्या. खऱ्या अर्थाने बरोबर २ निघाल्या. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी त्रास देणारे कामच काढून टाकले होते. पाय दुखतो म्हणून चालणेच बंद केले की दुखणे जाते, तसे. यंत्राने फसवले नव्हते, त्याला ‘चाचणी पास हो’ एवढेच सांगितले होते. आज कृत्रिम बुद्धिमत्ता दुरुस्त्या सुचवू लागली आहे आणि ती पुष्कळ पुढे गेली आहे. तरीही बरोबर म्हणजे काय, हे चाचणीत कोणी आणि किती नीट लिहिले, हा प्रश्न तिथेच आहे.

त्र्याहत्तरावा तास

या साऱ्याचा परभणीतल्या माणसाशी संबंध कुठे येतो, हे पीक विम्याच्या एका अटीवरून पाहता येईल. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड भागात अतिवृष्टी झाली, सोयाबीन-कापूस पाण्यात गेले. तेव्हाच्या योजनेत स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देणे बंधनकारक होते. अटी बदलतात, पण मुदत आणि मोबाइल यांची जोडी शेतकऱ्याच्या प्रत्येक योजनेत येणारच. पाऊस तर सर्वांवर एकाच दिवशी पडतो. म्हणजे गरज सर्वांत मोठी, त्याच वेळी गर्दी सर्वांत मोठी, आणि नेमकी तेव्हाच गावातली वीज आणि रेंज गेलेली. ऑटोच्या गणिताची यापेक्षा कठीण परीक्षा नाही.

अशी प्रणाली मध्येच पडली आणि त्र्याहत्तराव्या तासाला उत्तम रीतीने सावरली, तर तंत्रज्ञांच्या अहवालात ती यशस्वी दिसेल. शेतकऱ्याचा हक्क मात्र गेलेला असेल. म्हणून दुरुस्ती पूर्ण झाली का, हे यंत्राकडे पाहून ठरवता येत नाही, रांगेतल्या शेवटच्या माणसाचे काम झाले का, यावरून ते ठरते.

त्यासाठी लागणारे तंत्र वर येऊन गेलेच आहे. अर्ज भरताच त्याला फोनमध्येच एक क्रमांक आणि वेळ मिळावी, रेंज आल्यावर तो आपोआप जावा. तोच क्रमांक दहा वेळा पोहोचला तरी नोंद एकच व्हावी, म्हणजे घाबरून पुनःपुन्हा बटण दाबणाऱ्याचे नुकसान होणार नाही. गर्दीत फोनांनी वेगवेगळ्या वेळा थांबून प्रयत्न करावेत. आणि पहारेकरी प्रोग्रामला प्रणाली किती तास पडली, हे मिनिटापर्यंत ठाऊक असतेच; तेवढे तास मुदतीत आपोआप वाढावेत. त्यासाठी निवेदन, मोर्चा आणि मुदतवाढीच्या घोषणेची वाट पाहायला लागू नये. हे चौथे काम तंत्राच्या दृष्टीने सर्वांत सोपे आहे. ते निविदेच्या अटींत मात्र लिहावे लागेल, कारण यंत्र सांगितलेल्या व्याख्येकडेच परतते. बिघाडाचा भार कोणी सोसायचा, हे त्या व्याख्येत आपणच लिहायचे आहे.